ऐकणारे यंत्र आणि वाचणारे मूल

वाचायला शिकविणे ही बाब साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाही, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. समीक्षा ज्या वाचकाविषयी बोलते तो तिला आयता मिळालेला असतो. संहितेतील रिकाम्या जागा भरणारा इझरचा वाचक असो, अर्थनिर्णय करणाऱ्या समूहाचा सभासद असलेला स्टॅन्ली फिशचा वाचक असो, किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर जन्माला येणारा बार्थचा वाचक असो, यांपैकी एकालाही आपण कधी अक्षर लावताना पाहिलेले नाही. तो कोणापुढे बसून शिकला, कोठे अडखळला, त्याला कोण हसले, हे प्रश्न शिक्षणशास्त्राचे म्हणून बाजूला ठेवले जातात. या विभागणीत सोय आहे. परंतु वाचकाच्या घडणीचे एक नवे साधन समोर आले की ती सोय महागात पडते. संगणकाच्या साहाय्याने वाचनकौशल्य वाढविणाऱ्या आज्ञावली हे असे साधन आहे. त्यांच्या उपयुक्ततेचा हिशेब शिक्षणशास्त्रज्ञ मांडत आले आहेत. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३२ शाळांतील मोठ्या पाहणीत वाचन व गणिताच्या अशा सोळा आज्ञावलींची परीक्षा झाली होती. त्या वापरणाऱ्या वर्गांचे गुण इतर वर्गांहून लक्षणीय जास्त आढळले नाहीत. उद्याच्या पाहणीत ते जास्त आढळतीलही. मला येथे विचारावयाचा प्रश्न गुणांचा नाही. जे स्वतः वाचत नाही, त्याच्यापुढे बसून वाचायला शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, आणि असे शिकणे कोणाच्या वाट्याला द्यावे, हा तो प्रश्न आहे.

या उद्योगाचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सपीझ आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी १९६६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना संगणकापुढे बसवून गणित आणि वाचन शिकविण्याचा प्रयोग आरंभिला. त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात सपीझ यांनी भाकीत केले होते की, मॅसिडोनियाच्या फिलिपच्या पुत्राला जो राजविलास लाभला, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलइतका जाणता खाजगी शिक्षक, तो थोड्याच वर्षांत लक्षावधी शाळकरी मुलांना लाभेल. या स्वप्नातील लोकशाही प्रेरणा खरी होती आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. तथापि प्लूटार्कने अलेक्झांडरच्या वाचनाविषयी जे सांगितले आहे ते या स्वप्नात बसत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने स्वतः शोधून दिलेली 'इलियड'ची एक प्रत तो खंजिरासोबत उशाशी ठेवीत असे. शिष्याने जपली ती गुरूच्या वाचनाची खूण. गुरूने हे काव्य वाचले आहे, त्यातल्या ओळींपाशी तो थांबला आहे, काही खोडले आहे, काही राखले आहे, हे त्या प्रतीतून शिष्याला कळत होते. 'जाणता शिक्षक' या शब्दांत सपीझ यांनी जाणतेपण धरले. शिक्षक हाही एक वाचक असतो, ही गोष्ट त्यांच्या मांडणीतून निसटली. पुढच्या साठ वर्षांतील बहुतेक आज्ञावलींतूनही ती निसटलेलीच राहिली.

१९८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अ‍ॅक्सेलरेटेड रीडर' या आज्ञावलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तिने मुलांच्या हातात पडद्याऐवजी पुस्तकेच दिली. मूल ग्रंथालयातून पुस्तक नेते, वाचते, आणि मग संगणकावर त्यावरची छोटी परीक्षा देते. प्रत्येक पुस्तकाला काही गुण ठरलेले असतात. ते शब्दसंख्या आणि भाषेची काठिण्यपातळी यांच्या सूत्रावरून निघतात. या हिशेबात 'हॅरी पॉटर'च्या पाचव्या खंडाला ४४ गुण आहेत आणि 'हॅम्लेट'ला ७. हे ऐकून साहित्याचा प्राध्यापक हसतो. पण त्याचे हसणे वरवरचे आहे. जाड पुस्तकाला अधिक गुण, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ आहे, आणि तसा तो प्रामाणिक आहे. खरी अडचण परीक्षेत आहे. ज्याचे उत्तर पुस्तक वाचलेल्या सर्वांचे एकच येईल, असाच प्रश्न यंत्राला विचारता येतो. हॅम्लेटच्या काकाचे नाव काय, हे विचारता येईल. हॅम्लेट इतका विलंब का लावतो, हेही चार पर्याय देऊन विचारता येईल. मात्र त्यातला एक पर्याय बरोबर आहे असे अगोदर ठरवून. कोठल्याही एका प्रश्नाने बिघडत नाही. पण असे शेकडो प्रश्न सोडविलेल्या मुलाच्या मनात पुस्तकाविषयी एक धारणा मुरते की, अर्थ कोठेतरी आधीच नोंदलेला आहे आणि वाचन म्हणजे आपली नोंद त्या नोंदीशी जुळविणे. साहित्यशास्त्राचे वर्ग घेणाऱ्यांना ही धारणा अपरिचित नाही. पदव्युत्तर वर्गात एखादी कविता ठेवली की तिचा 'खरा' अर्थ कोणत्या मार्गदर्शकात आहे अशी जी विचारणा होते, तिला संगणकाची गरज लागलेली नव्हती.

'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसाने लिखित शब्दाविरुद्ध केलेली तक्रार प्रसिद्ध आहे. लिहिलेले शब्द जाणते वाटतात, पण त्यांना काही विचारावे तर ते पुन्हा तेच सांगतात. परीक्षा घेणाऱ्या आज्ञावलीने या तक्रारीला उलटे केले. येथे शब्दच प्रश्न विचारतात आणि विचारण्याची मुभा फक्त मुलाला नसते.

दुसऱ्या जातीच्या आज्ञावली आहेत त्या ऐकणाऱ्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९० च्या दशकात मुलाचे प्रकट वाचन ऐकून त्याला साहाय्य करणारी प्रणाली विकसित झाली. गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात 'बोलो' या नावाने अशीच एक आज्ञावली आणली. २०२० मध्ये ती नव्या नावाने मराठीसह नऊ भाषांत आली. पडद्यावर गोष्ट, मूल मोठ्याने वाचते, 'दिया' नावाचे एक पात्र ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखविते, बरोबर वाचल्यास तारे देते. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 'असर'च्या पाहणीत २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते आणि साथीनंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्के, हे लक्षात घेतले तर अशा साधनाकडे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला नाही. ज्याला अक्षरच लागत नाही त्याला अर्थाच्या अनेकतेवर व्याख्यान देणे हा एक क्रूर विनोद ठरेल.

म्हणून ऐकण्याचाच विचार नीट करू. आपल्या परंपरेत तो फार बारकाईने झालेला आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत घाईने वाचणारा आहे, गात वाचणारा आहे, ज्याचा आवाज फुटत नाही तो आहे, आणि अर्थ न कळता वाचणाराही आहे. मौखिक परंपरेला साजेसे असे की, केवळ लिहिलेले पाहून वाचणाराही त्याच रांगेत बसविला आहे. उत्तम पाठकाच्या गुणांत अक्षरांची स्पष्टता, पदे तोडण्याची जाण, लय यांच्याबरोबर धैर्यही मोजले आहे. ही यादी आजच्या यंत्रापुढे ठेवून पाहावी. ज्याचा आवाज फुटत नाही तो त्याला तत्काळ सापडतो, कारण त्याचे शब्द नोंदलेच जात नाहीत. घाई करणारा मात्र सुटतो. इतकेच नव्हे, दर मिनिटाला किती शब्द बिनचूक वाचले या मापाने जेथे वाचन मोजले जाते तेथे तो पहिला येण्याची शक्यता असते. अर्थ न कळता वाचणारा तर यंत्राला दिसतच नाही. शिक्षाकारांनी ज्यांना एका पंक्तीला बसविले त्यांची अशी फारकत होते.

यावर असे उत्तर दिले जाते की, अर्थ ही नंतरची पायरी आहे. आधी अक्षरावरून ध्वनी, मग ध्वनीवरून अर्थ. इंग्रजीच्या तुलनेत देवनागरी सरळ असल्याने मराठीत तर हा क्रम अधिकच योग्य, असेही म्हणतात. मराठीचा अनुभव याला पुरता दुजोरा देत नाही. 'चार गाई' यातला 'चार' आणि 'गाईला चार' यातला 'चार' कागदावर एकच आहेत. पहिल्यातला च तालव्य आहे, दुसऱ्यातला दंततालव्य. 'जरा थांब' म्हणताना जो ज येतो तो वार्धक्य या अर्थाच्या 'जरा'त येत नाही. लिपी हा भेद दाखवीत नाही. वाक्याचा अर्थ ज्याला आधी लागला त्यालाच तो उच्चारता येतो. म्हणजे या ठिकाणी ध्वनी अर्थाच्या मागून येतो, आणि मूल बरोबर उच्चारते तेव्हा त्याने वाक्य समजून घेतल्याची ती खूण असते. जाणता शिक्षक ही खूण ऐकतो. विदर्भातील मूल 'पाणी' हा छापील शब्द 'पानी' असा वाचते तेव्हा ते चुकलेले नसते, त्याने तो शब्द आपल्या भाषेत आणलेला असतो. तेच मूल अनोळखी शब्दातला ण चुकविते तेव्हा गोष्ट वेगळी असते. दोन्ही ठिकाणी कानावर पडतो तो एकच न. त्याचा न्याय करायला मूल कोठले आहे, घरी काय बोलते, हे ठाऊक असावे लागते. यंत्र दोन्हींना क्षमा करील किंवा दोन्हींना चूक ठरवील. कोणत्याही बाजूने ते एक धोरण असेल.

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात दोन दिवस बसण्याचा योग आला. मुले टॅब्लेटवर एक वाचनाची आज्ञावली वापरीत होती. कोणती, ते येथे महत्त्वाचे नाही. एक मुलगी गोष्ट वाचत होती. 'आई दारात उभी राहून वाट पाहत होती' अशा अर्थाचे एक वाक्य आले. 'वाट'पर्यंत येऊन ती थांबली. घरी ती 'वाट बघते' असे रोज म्हणत असणार. छापील 'पाहत'पाशी मात्र तिची जीभ अडली. काही क्षणांनी यंत्राने तो शब्द उच्चारून दाखविला, तिने तो म्हटला, वाक्य हिरवे झाले. ती पुढे गेली नाही. बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, आई कुठली वाट बघत होती? मळ्याकडली का सडकंकडली?" बाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "तूच सांग." मागून एक मुलगा म्हणाला, "ज्या वाटेनं त्यो येणार तीच की." त्यावर वर्गात वाद झाला, कारण गोष्टीतला मुलगा रुसून गेला होता आणि तो कोठल्या वाटेने परतेल हे गोष्टीत सांगितलेले नव्हते. सुटीत बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं वाट बघतेय, पण त्यात वाट आहे हे आज ध्यानात आलं."

व्हिक्टर श्क्लोव्स्कीने १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची जी कल्पना मांडली तिचा गाभा असा की, सवयीने बोथट झालेली जाणीव कला लांबविते, अवघड करते, आणि म्हणून वस्तू पुन्हा दिसू लागते. येथे ते काम अडखळण्याने केले. रूढार्थ सुटला आणि त्याखाली पुरलेला शब्द उघडा पडला. आज्ञावलीच्या दृष्टीने तो एक विलंब होता, आणि विलंब ही न्यूनता. मला अडखळण्याचे उदात्तीकरण करावयाचे नाही. प्रत्येक शब्दाला अडखळणाऱ्या मुलाला कसलेही अपरिचितीकरण अनुभवास येत नाही. त्याला थकवा येतो, आणि दोन-तीन वर्षांत ते शाळेतून मनाने उठून जाते. अडखळण्याचे दोन प्रकार आहेत एवढेच म्हणणे आहे. पैकी कोणते कोणते, हे ओळखायला ऐकणारा स्वतः त्या वाक्यापाशी थांबू शकणारा असावा लागतो.

येथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणूस ऐकतो तेव्हा तो हसतोही. पंतोजींच्या शाळेपासून आजवर प्रकट वाचन ही किती मुलांची मानखंडना ठरली याची गणती नाही. शिक्षेने पाठकाच्या अंगी धैर्य असावे म्हटले. त्या धैर्याची परीक्षा चाळीस मुलांपुढे कोणाला द्यावी लागते, हे आपल्या समाजात जन्मावरून बरेचसे ठरत आले. ज्यांच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी वाचत आहे, ज्यांच्या उच्चारांची वर्गात नक्कल केली जाते, त्यांना न हसणारे यंत्र ही सुटका वाटली तर त्यात नवल नाही. मी ज्या शाळेत बसलो तेथे एक मुलगा वर्गात तोंड उघडत नसे आणि टॅब्लेट घेऊन व्हरांड्यात गेला की सलग वाचीत असे. त्याच्यापुढे माझा युक्तिवाद फिका पडतो, हे मी मान्य करतो.

परंतु यंत्र हसत नाही ते कशामुळे? सहृदय शिक्षक हसत नाही, कारण त्याला हसता येत असूनही तो हसत नाही. यंत्राच्या बाबतीत असा संयमच नसतो. हीच गोष्ट त्याच्या शाबासकीची. ऑस्टिनने दाखविल्याप्रमाणे काही उक्ती केवळ उच्चारल्याने पार पडत नाहीत. त्या उच्चारणाऱ्याचा तसा अधिकार आणि तसा हेतू असावा लागतो. 'शाबास' ही अशी उक्ती आहे. जो निराश होऊ शकत नाही त्याची शाबासकी म्हणजे एक ध्वनी. मुलांना हे कळत नाही असे समजू नये. व्हरांड्यातल्या त्या मुलाने मिळविलेले तारे कोणाला दाखविले? धावत येऊन बाईंना. यंत्रापुढे त्याची भीड चेपली हे खरे, आणि ती चेपून तो जेथे आला तेही ध्यानात घ्यावे.

आता असे म्हटले जाईल की हा सारा विचार कालबाह्य झाला आहे, कारण गेल्या काही वर्षांतील संभाषण करणाऱ्या प्रणालींना प्रश्न विचारता येतो. 'कुठली वाट?' असे विचारले तर त्या उत्तर देतील, कदाचित त्या बाईंहून अधिक व्यवस्थित. हे बरोबर आहे. यंत्राला अमुक जमत नाही या पायावर उभी केलेली नैतिक भूमिका दर वर्षी एक पाऊल मागे सरते, आणि आपल्या क्षेत्रातील पुष्कळांना ते सरकणे दिसत नाही. च आणि ज यांच्या ज्या सूक्ष्मता मी वर मांडल्या त्याही उद्या यंत्राला साधतील. मग मागे काय उरते? त्या मुलीला यंत्राकडून उत्तम उत्तर मिळाले असते, तर 'वाट पाहणे' हा वाक्प्रचार तिला समजला असता. मागच्या मुलाला मात्र तिचा प्रश्न कळला नसता, वाद झाला नसता, आणि बाईंना स्वतःच्या भाषेतली वाट दिसली नसती. फिशच्या परिभाषेत सांगावयाचे तर अर्थनिर्णय करणारा समूह तेथे तयार झाला नसता. कानाला हेडफोन लावलेली, आपापल्या पातळीवर पुढे जाणारी तीस मुले तेथे असती. सपीझ यांच्या भाकिताचे हे अंग क्वचितच लक्षात घेतले जाते. प्रत्येकाला स्वतंत्र अ‍ॅरिस्टॉटल द्यावयाचा तर वर्ग मोडावा लागतो. राजपुत्राला ते परवडते, कारण त्याचे ऐकणारे पुष्कळ असतात. ज्या मुलीचे घरी कोणी ऐकत नाही तिच्या बाबतीत वर्ग हेच ऐकले जाण्याचे एकमेव ठिकाण असू शकते.

आपल्याकडे अर्थ न कळता होणाऱ्या वाचनालाही मान आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या पारायणाला बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक ओवी उमगते असे कोणी म्हणणार नाही. त्या वाचनाला यंत्रवत् म्हणण्याचा मोह होतो, पण तेथेही एक फरक आहे. सप्ताहात वाचणाऱ्याचा शब्द चुकला तर शेजारचा हळूच सुधारतो आणि वाचन पुढे चालते. सुधारणाऱ्यालाही ती ओवी हवी असते.

त्यामुळे प्रश्न यंत्र घ्यावे की नाही असा राहत नाही. सराव करावयास, भीड मोडावयास, घरी पुस्तक नाही तेथे गोष्ट पोहोचवावयास ते जरूर घ्यावे. निर्णय करावयाचा आहे तो दोन बाबतींत. पहिली बाब नोंदीची. मूल किती वाचू शकते याचा निवाडा आज्ञावलीच्या आकड्यांवरून करण्याची सोय एकदा झाली की शिक्षकाचे ऐकणे अनावश्यक ठरते, आणि जे अनावश्यक ठरते त्याच्यासाठी वेळापत्रकात तास उरत नाही. दुसरी बाब वाटपाची. शहरातील संपन्न शाळेत यंत्र शिक्षकाच्या जोडीला येते. एका शिक्षकाकडे चार इयत्ता असलेल्या शाळेत ते त्याच्या जागी येण्याची भीती असते. एकाच साधनाचे हे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि साधनाच्या गुणदोषांची कितीही चर्चा केली तरी त्यातून दुसरा अर्थ हाती लागत नाही.

त्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला आज्ञावलीची नोंद दाखविली. त्या मुलीपुढे एकूण शब्द, बिनचूक शब्द, लागलेला वेळ असे रकाने होते. आदल्या दिवशीच्या गोष्टीला तिला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागला होता. हा तक्ता दर आठवड्याला केंद्रप्रमुखांकडे जातो, आणि वेळ का लागला हे लिहायला त्यात रकाना नाही, असे त्या म्हणाल्या. मी विचारले, मग आपण काय करता? त्या म्हणाल्या, "वेगळ्या वहीत लिहून ठेवते. ती कोणी मागत नाही."